नेवोने विचारलंय म्हणे!

बस वळली आणि शेजारच्या मुलाच्या पुडीतल्या सूर्यफुलाच्या बिया थेट माझ्या मांडीवर! "सॉरी... सॉरी हं," म्हणत तो एकेक बी वेचायला लागला.

"राहू दे, संध्याकाळ होईल," मी म्हटलं.

तो हसला — असा हसला, की माझा थांबा कुठला हेच मी विसरले.

"नेवो, उतर! तुझा मोशाव आला," ड्रायव्हर माखलूफ ओरडला. मोशाव म्हणजे त्याचं शेतकऱ्यांचं गाव; माझी वस्ती तिथून पुढे, चार किलोमीटरवर.

दुसऱ्या दिवसापासून नेवोच्या शाळेची वेळ बदलली आणि तो जाता-येता माझ्या आधीच्या फेरीने जाऊ लागला. पण तीही फेरी माखलूफचीच! तो आरशातून म्हणाला, "हलेल, राणी! नेवोचा दाश आहे तुला."

आता दाश म्हणजे काय... अमक्याने विचारलंय म्हणून सांगा, बस्स! दाताच्या डॉक्टरचा आईला दाश, आत्याचा शेजारणीच्या कुत्र्याला दाश. आमच्या नेगेवच्या वाळवंटात तो उन्हाइतकाच फुकट. पण नेवोचा! भूगोलाचा अख्खा तास मी खिडकीबाहेर बघत काढला.

"माझाही सांगा त्याला," परतताना मी म्हटलं. सगळ्या बससमोर! गेल्या वर्षीची हलेल लाजून सीटखाली शिरली असती.

दोन आठवडे रोज दाश. आणि मग शुक्रवारी दुपारी माखलूफने डोकं खाजवलं. "खरं सांगू? पोरगं एकदाही बोललं नाही गं. मीच आपलं... पडलेली तोंडं बघवेनात तुमची दोघांची."

माझे कान तापले. शाळाभर सांगून बसले होते मी! समोर नेवोचा थांबा दिसला. "थांबवा."

"अगं बाई, शब्बातच्या सुट्टीआधीची शेवटची बस ही, आता उद्या रात्रीपर्यंत दुसरी नाही! घरी कशी जाशील?"

"थांबवा!"

नेवो थांब्याजवळच्या त्यांच्या शेडबाहेर लाल ढोबळी मिरच्यांचे खोके रचत होता. मला पाहून खोकं धरूनच थिजला.

"एकही दाश पाठवला नाहीस तू मला?"

"नाही... पण तुझे यायचे की रोज."

"मी एकच पाठवला होता!"

त्याचा चेहरा खोक्यातल्या मिरच्यांसारखा झाला. "म्हणजे... माखलूफ?"

"तू का नाही पाठवलास?"

"दाश काय, आत्यालाही पाठवतात." त्याने खोकं खाली ठेवलं, हात पँटला पुसले. "मला तुला... स्वतः विचारायचं होतं. रोज ठरवायचो — उद्या."

"मग विचार ना!"

"कशी आहेस, हलेल?"

घरापर्यंत तो सोबत आला. चार किलोमीटर, हातात हात... आणि मी कशी आहे, ते निम्मंसुद्धा सांगून झालं नव्हतं!