न संपणारा सेल

नागपूरच्या हिंगणा रस्त्यावरच्या ‘अल्पोर्ज’ प्रयोगशाळेत खंडेनवमीला शस्त्रं म्हणून कळफलकच पुजले जात. दुसरं शस्त्र तिथे होतंच कुठे? लांब टेबलावर पांढरं कापड अंथरून सगळ्यांचे बिनतारी कळफलक आणि माऊस ओळीनं मांडत. प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट आणि झेंडूचं फूल. मधोमध पाटावर मात्र एकच कळफलक असे, तो संस्थेचे प्रमुख डॉ. अच्युत चिटणवीस यांचा. त्याला पाटाचा मान मिळे, कारण त्याचा सेल नऊ वर्षांत एकदाही बदललेला नव्हता.

दुसरीही एक रीत होती. वर्षभरात ज्याचे सेल सगळ्यांत जास्त संपत, त्यानं खंडेनवमीला सगळ्यांसाठी कोथिंबिरीची तळलेली सांबारवडी आणायची. दंडच तो, पण गोड मानून घ्यायचा. गेली चार वर्षं वड्या डॉ. सुमेधा भोयरच आणत होती. इतरांच्या खणात बिस्किटांचा डबा असतो, तसा तिच्या खणात सेलचा डबा असे.

“सुमेधा, तुझा हात फार सैल बुवा,” चिटणवीस दरवर्षी म्हणत, आणि सगळे दरवर्षी हसत. यंदाही हसले. सुमेधाही हसली, पण जरा उशिरानं.

त्या उशिराचं कारण चिटणवीसांना ठाऊक होतं. संस्थेत नवा संशोधन विभाग निघायचा होता आणि त्याची प्रमुख म्हणून नियामक मंडळापुढे सुमेधाचं नाव होतं. आठवड्यापूर्वीच्या बैठकीत चिटणवीसांनी तिच्याविषयी इतकंच सांगितलं होतं, की मुलगी हुशार आहे, पण उपकरणं निष्काळजीपणे हाताळते, तिचे सेलच बघा ना. ‘हाताच्या कांकणाला आरसा कशाला,’ असंही वर जोडलं होतं. ही गोष्ट सुमेधाच्या कानावर गेली होती. मंडळाचा अंतिम निर्णय आज चार वाजता व्हायचा होता.

त्यासाठीच मंडळाच्या सदस्य कुमुदिनी दाभाडे तासभर आधी येऊन पोचल्या. बाईंची सारी हयात रेडिओयंत्रणेत गेलेली. वयानं चिटणवीसांपेक्षा मोठ्या, आणि बोलणं सरळसोट. आल्या आल्या त्यांनी वडी घेतली आणि खुर्ची ओढून बसल्या.

“अच्युतराव, मतं द्यायच्या आधी मला तुमचं तत्त्व नीट समजू दे. सेल इतका टिकतो कसा?”

हा प्रश्न म्हणजे चिटणवीसांचा आवडीचा विषय. त्यांनी पाटावरचा आपला कळफलक कौतुकानं दाखवला. “बिनतारी कळफलकात वीज खातो तो प्रेषक. कळ दाबली, की ते अक्षर हवेतून संगणकाला कळवायचं, हा खरा खर्च. आम्ही म्हटलं, संगणकाला जे आधीच ठाऊक आहे, ते पुन्हा कळवायचं कशाला? म्हणून संगणकात एक पूर्वतर्की बसवला. तो लिहिणाऱ्याचं वळण शिकतो आणि पुढचं अक्षर आधीच ताडतो. त्याचीच हुबेहूब प्रत कळफलकातही आहे. तुम्ही दाबलेलं अक्षर तर्काशी जुळलं, तर कळफलक गप्प बसतो. वाक्य संपलं, की एकच बारीकशी खूण करतो, तुझं बरोबर आहे म्हणून. तर्क चुकला, तरच प्रेषक जागा होतो.”

“आणि तर्क करायला वीज लागत नाही?”

“लागते, पण चिमूटभर. ती आम्ही कळा दाबण्याच्या जोरातूनच काढतो. माऊसलाही हाच न्याय. हात कुठे वळणार, हे तो आधीच ओळखतो.”

“म्हणजे आमच्या घरच्यासारखं झालं,” दाभाडेबाई म्हणाल्या. “यांनी नुसतं ‘अगं’ म्हटलं, की मी चहाचं आधण ठेवते. पुढचं वाक्य ऐकायची मला गरजच पडत नाही.”

चिटणवीस मनापासून हसले. उपमा त्यांना इतकी आवडली, की पुढच्या भाषणात वापरायची, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

बाई उठल्या आणि टेबलाच्या कडेकडेनं चालू लागल्या. सगळ्यांत जास्त सेल संपवणारा कळफलक कुठला, असं त्यांनी विचारलं. चिटणवीसांनी सुमेधाचा दाखवला. यंत्र सदोष असेल, अशी शंका बाईंनी काढली. त्यावर चिटणवीसांनी सांगितलं, की यंत्र तीनदा बदलून दिलं, शेवटी आपल्या घरचं दिलं आणि तिचं घरी स्वतः वापरलं. त्यांच्या हाती तिचं यंत्र महिनाभरात वळणावर आलं आणि पुढे सेल हललासुद्धा नाही. तिच्या हाती त्यांचं यंत्र मात्र धापा टाकू लागलं. तेव्हा दोष हातातच, हे सिद्ध झालं होतं.

बाईंनी वडीचा उरलेला तुकडा खाल्ला, रुमालाला बोटं पुसली. मग मीठ मागावं इतक्या साध्या आवाजात त्या म्हणाल्या, “प्रेषक कधी जागा होतो म्हणालात?”

“तर्क चुकला की.”

“मग ही मुलगी काय लिहिणार, ते यंत्राला चार वर्षांत ताडता आलेलं नाही. आणि तुम्ही नऊ वर्षांत जे जे लिहिलंत, ते त्याला आधीच ठाऊक होतं.”

बाई चारला भेटू म्हणून बैठकीच्या खोलीकडे निघून गेल्या.

चिटणवीसांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हे तत्त्व त्यांचं स्वतःचं होतं. त्यावर त्यांनी देशभर व्याख्यानं दिली होती, आणि त्याचा उघडा अर्थ एकदाही त्यांच्या डोक्यात आला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण याहून वाईट गोष्ट पुढेच होती. वड्यांचं ताट घेऊन सुमेधा तीन हातांवर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. चिटणवीसांना एकदम उमगलं, की तिला हे पहिल्या वर्षापासून माहीत होतं. तत्त्व तिलाही तेवढंच कळत होतं. तरी चार वर्षं ती निमूटपणे वड्या तळून आणत राहिली, त्यांच्या त्याच त्या विनोदाला हसत राहिली. चारचौघांत त्यांची शोभा होऊ नये म्हणून. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुजलेलं शस्त्र दसऱ्यापर्यंत हातात घेत नाहीत. चिटणवीसांनी पाटावरून आपला कळफलक उचलला तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटलं.

त्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा कायम असे, कळवलेल्या अक्षरांचा. पाहुण्यांना दाखवायला तो त्यांनी मुद्दाम तिथे ठेवून घेतला होता. आज त्यांनी धीर करून जुन्या नोंदी उघडल्या. ‘नावीन्याचा ध्यास’ हे त्यांचं गाजलेलं भाषण. गेल्या वर्षी त्यातलं एकच अक्षर कळवलं गेलं होतं, तेही साल बदललं म्हणून. विद्यार्थ्यांची शिफारसपत्रं, नावं सोडली तर शून्य. एका सहकाऱ्याच्या निधनानंतर त्याच्या बायकोला लिहिलेलं सांत्वनाचं पत्र, त्यातही नाव तेवढं नवं. चिटणवीसांनी घाईघाईनं नोंदी बंद केल्या. खोलीत कुणी नसतानाही आपण उघडे पडलो, असं त्यांना वाटलं.

पावणेचार होत आले होते. मंडळाला लिहून आपलं मत मागे घ्यायला हवं होतं. ते टंकू लागले. ‘महोदय, गेल्या बैठकीत माझ्याकडून व्यक्त झालेल्या अभिप्रायाबाबत काही तांत्रिक बाबींचा साकल्यानं पुनर्विचार करता, त्यात अंशतः सुधारणा करणं उचित ठरेल, असं वाटतं.’ वाक्य संपलं. त्यांनी कोपऱ्यात पाहिलं. शून्य.

म्हणजे आपण कशी पळवाट काढणार, हेसुद्धा यंत्राला तोंडपाठ होतं. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी सगळं पुसलं. मग एकेक कळ दाबत त्यांनी लिहिलं, ‘डॉ. भोयर निष्काळजी नाहीत.’ कोपऱ्यातला आकडा हलला. ‘मी मंडळाला खोटं सांगितलं.’ आकडा पळू लागला. नऊ वर्षं झोपलेला प्रेषक अक्षरागणिक जागा होत होता. ‘त्यांच्यासारखं लिहिणं मला जमत नाही, हे माझ्याच लक्षात येऊ नये म्हणून मी त्यांना हसत आलो. मला याची ला’

कळफलकावरचा दिवा लाल झाला, दोनदा लुकलुकला आणि विझला.

यात चमत्कार काही नव्हता. वापर नसला, तरी सेल आतल्या आत झिजत असतो. नऊ वर्षांनी त्याच्यात उरली होती ती गप्प बसण्यापुरती वीज. चार खरी वाक्यं कळवायची ताकद त्याच्यात नव्हती.

चिटणवीसांनी आपले खण धुंडाळले. त्यांच्याकडे सेल असण्याचं कारणच काय? पूजेच्या सुट्टीमुळे भांडाराला कुलूप होतं. फोनवरून चार ओळी पाठवता आल्या असत्या, पण पुढचे शब्द सुचवायची खोड फोनलाही होती, आणि त्यानं पुढं केलेला सभ्य शब्द आपण मुकाट्यानं उचलू, याची त्यांना खात्री होती. अख्ख्या इमारतीत सुटे सेल एकाच ठिकाणी मिळणार होते.

ते कळफलक हातात घेऊन बाहेर आले. हळदीकुंकू लागून बोटं तांबडी झाली होती. सुमेधा आपल्या जागेवर रिकामं ताट पुसत होती. तिच्यासमोर उभं राहताना त्यांना मान वर करवेना.

“सुमेधा, एखादा सेल असेल का तुझ्याकडे?”

कुणीतरी हसणार होतं, पण हसलं नाही. सुमेधानं ताट बाजूला ठेवलं. खण ओढला, डबा काढला आणि झाकण उघडून त्यांच्यापुढे धरला. मग तिनं विझलेल्या दिव्याकडे पाहिलं.

“सर, तुमचा संपला?”

“संपला.”

“इतकं काय लिहिलंत?”

चिटणवीसांनी डब्याकडे बोट नेलं आणि तसंच मागे घेतलं. बैठकीच्या खोलीचं दार उघडं होतं. आत दाभाडेबाई आणि मंडळाचे लोक बसलेले दिसत होते. सारी प्रयोगशाळा त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“आत चल माझ्याबरोबर,” ते म्हणाले. “तिथंच सांगतो, तुझ्यासमोर.”

ती उठली. ते पुढे झाले. दारापाशी पोचेपर्यंत त्यांनी दोनदा घसा साफ केला. आपण आता तोंड उघडलं, की काय बोलणार, हे नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं.