लिंबाचा वास येणारी भिंत

"ताई, ह्या भिंतीला लिंबाचा वास येतोय," नेल्लो म्हणाला.

"तुझ्या नाकालाच येत असेल. सकाळपासून नुसतं सरबत ढोसतोयस," दुच्चोने आपल्या धाकट्या मावसभावाला टोला हाणला.

ताई, म्हणजे फियामेत्ता, मात्र हसली नाही. उद्या शहरातून जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या इल्दाबाई येणार होत्या आणि भिंतीवरचं ते भलंमोठं चित्र कापडावर सोलून घेऊन जाणार होत्या. सुट्टी कसली न् काय, तिला तर नुसतं रडू येत होतं.

कास्तेल्वेन्ना गावातल्या ह्या जुन्या इमारतीत पूर्वी वरच्या मजल्यावर नगरसभा भरायची, खाली धान्याचं कोठार होतं आणि बाजूला तुरुंग. कारभार डोंगराखालच्या नव्या कचेरीत गेला, तसं इथे चित्रांचं संग्रहालय झालं. पण गावाला जीव लावायला ते एकच चित्र पुरेसं होतं. वेशीतून आत येणारे संत आणि त्यांना बघायला लोटलेला सगळा गाव! त्या गर्दीतला एकेक चेहरा घराघराने आपला म्हणून वाटून घेतला होता. फियामेत्ताच्या घरची होती ती काखेत बदक धरलेली बाई. आई तिकीटखिडकीवर बसायची, म्हणून फियामेत्ताची रोज त्या बदकवालीशी भेट व्हायची.

आणि आता ओल थेट बदकाच्या पायांपर्यंत चढली होती.

"छप्पर गळतंय," असं संचालक पेर्सियानींनी वर न बघताच ठरवून टाकलं होतं. चित्र दुरुस्तीला जाईल आणि परत येईल, असंही ते म्हणाले होते. आजोबांच्या लहानपणी असंच एक चित्र दुरुस्तीला गेलं होतं. ते अजून शहरातच आहे.

"पण छप्पर गळायला पाऊस नको का पडायला?" दुच्चो म्हणाला. "महिनाभरात एक थेंब नाही. आमच्या टोमॅटोंना विचार हवं तर."

तिघं धावतच पेर्सियानींकडे गेली. ते फोनवर होते. फोनवर हात ठेवून ते म्हणाले, "बाळांनो, चौकात जाऊन आइस्क्रीम खा बघू."

"आइस्क्रीम नंतर," फियामेत्ता जिन्याकडे वळत पुटपुटली. "आधी भिंतीच्या वर काय आहे ते बघू."

वरच्या सभागृहात उन्हाळ्यापुरता कॅफे चालायचा. ओरेस्तेकाका गाणं गुणगुणत बर्फाची बादली उचलत होते. कोपऱ्यात भिंतीला दगडी कुंडी होती आणि तिच्या तळाशी भोक. काकांनी वितळलेला बर्फ, लिंबाच्या फोडी, सगळं त्यात ओतलं. गुडुप!

"बघितलंत? कितीक शतकांची मोरी, पण कधी तुंबत नाही," ते कौतुकाने म्हणाले. "पूर्वजांचं काम म्हणजे काय!"

फियामेत्ता जागच्या जागी थबकली. "काका, नगरसभेत भांडी कोण घासायचं?"

"मला काय ठाऊक? घासत असतील कोणीतरी."

शाळेत शिकवलेलं तिला आठवलं. इथले सभासद वालाच्या दाण्यांनी मत द्यायचे, काळा दाणा होकाराचा, पांढरा नकाराचा. कोणाचा दाणा कुठला ते कळू नये म्हणून तो भोकातून खालच्या दालनातल्या पेटीत पडायचा. म्हणजे ही मोरी नव्हतीच!

दुच्चोने पुदिन्याच्या सरबताची बाटली उचलली. "हे ओततो. भिंत हिरवी झाली की लगेच कळेल."

"वेड लागलंय का तुला? बदकवाली हिरवी करायचीय?" तिने बाटली हिसकावून घेतली. "नेल्लो, खाली जा आणि भिंतीला कान लावून बस."

काकांच्या बरणीतला सुका वाल तिने भोकात टाकला. थोड्याच वेळात नेल्लो धापा टाकत वर आला. "टण टण करत खाली आला आणि शेवटी डुबुक वाजलं! चित्राशेजारी खुर्च्यांच्या ढिगामागे लोखंडी दार आहे ना, तिथेच!"

त्यांनी पुन्हा पेर्सियानींचं दार ठोठावलं, पण ते केव्हाच घरी गेले होते.

सकाळी इल्दाबाई कापड, सरस आणि सुरी घेऊन आल्या. फियामेत्ता चित्रासमोर जाऊन उभी राहिली.

"आधी खुर्च्यांमागचं ते दार उघडा. मग मी बाजूला होते."

"काय पोरखेळ चाललाय हा?" पेर्सियानी कडाडले. "त्या कपाटात काही नाही!"

"मग उघडायला काय हरकत आहे?" तिकीटखिडकीतून उठून आलेली आई म्हणाली. खुर्च्या बाजूला करून तिने कुलपात किल्ली फिरवली.

भस्सकन पाणी आलं ते थेट पेर्सियानींच्या नव्या बुटांवर. पाठोपाठ लिंबाच्या फोडी, ऑलिव्ह आणि दात कोरायच्या काड्या वाहत आल्या. आत एक कुजकी लाकडी पेटी आणि फुगलेले वालाचे दाणे होते.

"साहेब," दुच्चो गंभीरपणे म्हणाला, "छप्पर फारच गळतंय हो."

गलका ऐकून वरून आलेले ओरेस्तेकाका मटकन खाली बसले. "मी रोज... अरे देवा, मी रोज ओतत होतो."

इल्दाबाईंनी भिंत बोटांनी हळूहळू चाचपली.

"रंग सुटलेला नाही," त्या म्हणाल्या. "वरचं भोक आजच बंद करा. भिंत आपोआप वाळेल. चित्र कुठेही जाणार नाही."

पेर्सियानींनी ओले बूट काढले आणि खाली मान घालून म्हणाले, "पोरांनो, मी एकदा जिना चढून बघायला हवं होतं. तुम्ही तिघांनी गावाचं चित्र वाचवलंत."

आईने फियामेत्ताला घट्ट जवळ घेतलं. इल्दाबाईंनी सुरी पुसायला घेतली, मग न पुसताच म्यानात घातली.

"जन्मभर हेच काम केलंय मी," त्या फियामेत्ताला म्हणाल्या. "पण सुरी न वापरता परत जाण्याचा असा आनंद कधी झाला नव्हता, पोरी."