पाचपैकी दोन

माझ्या मानेतली कॅन्सरची गाठ काढली, तेव्हापासून दर दोन महिन्यांनी तपासणी व्हिडिओवर व्हायची. मोठे डॉक्टर दूरच्या शहरात. आई मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची. पहिला कॉल संपतो न संपतो, तोच फोन वाजला.

"हॉस्पिटलमधून बोलतोय. आजच्या तपासणीला पाचपैकी किती गुण द्याल?"

"दोन! डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही."

"तीनपेक्षा कमी दिले की मला आठवड्याने पुन्हा फोन करावा लागतो, मॅडम..."

"मग करा की!"

त्याने केला. आवाज असा, की मनातली धाकधूक जरा गप्प बसावी. मी टाक्यांचं बोलले, तो त्याच्या कुंडीतल्या हट्टी गुलाबाचं. पुढच्या दोन्ही वेळी डॉक्टर छान बोलले, तरी मी दोनच दिले.

"आता कुठे कमी पडलो?" तो हसला.

"सांगेन... आठवड्याने."

"गुणवाल्याने डोक्यावर बसवलंय तुला," आई म्हणाली.

मग स्कॅन झाला, आणि निरोप आला: या वेळी व्हिडिओ नाही, प्रत्यक्ष या. वाईट बातमी कुणी फोनवर देत नाही, एवढं मला कळत होतं. त्याला फोन लावून विचारलं, रिपोर्टमध्ये काय आहे?

"मला रिपोर्ट दिसत नाहीत," तो हळूच म्हणाला. "पण हॉस्पिटलच्या दारात उभा असेन."

होता. उंच, घामेजलेला, शर्टाचं बटण भलत्याच काजात. मला पाहताच त्याने नजर खाली वळवली — मला वाटलं, याला कळलंय.

डॉक्टरांनी मान चाचपली, स्क्रीन माझ्याकडे वळवली. "स्कॅन स्वच्छ आहे."

"मग... बोलावलंत कशाला?"

"सलग तीनदा दोन गुण! इतक्या नाराज पेशंटला आम्ही समोर बसवूनच तपासतो. चुकतं कुठे आमचं?"

आई माझ्याकडे बघत राहिली. मी फरशीकडे.

बाहेर त्याचे कान लाल झाले होते. "नियम माहीत होता मला. पण सांगितला असता, तर तुम्ही पाच दिले असते..."

"आणि परवा? मी इतकी घाबरले होते!"

"गुणांमुळे बोलावलंय की रिपोर्टमुळे, मलाच कळत नव्हतं. खोटा धीर कसा देऊ? मीही घाबरलोच होतो."

मला रडू आलं, हसूही. त्याने चाचरत विचारलं, "आजच्या तपासणीला... किती?"

"पाच."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे आता फोन नाही?"

"आठवडाभर थांबणार होतास?" मी म्हणाले. "संध्याकाळीच कर."