शिलाणूंची वसाहत

नव्या तळवडीत घरे बांधत नसत, वाढवत. साताऱ्याच्या उत्तरेला उघड्या माळावर जाळीचे साचे उभे राहत, त्यांत वाळू भरली जाई आणि वरून शिलाणूंचा द्राव सोडला, की अठरा दिवसांत भिंत तयार होई. तीन वर्षांपूर्वी इथे चाळीस घरे होती. आता अडीच हजार झाली होती आणि शाळेची तिसरी इमारत साच्यात उभी होती.

दगड घडवणारे हे सूक्ष्मजीव तयार केले होते कुमुद आंबेरकरने. वसाहतीच्या संचालकांनी तिला सुरुवातीलाच गळ घातली होती. "मॅडम, तुम्ही स्वतः इथं राहायला आलात, तर लोक डोळे झाकून येतील." तिचा नवरा हेमंत कोल्हापुरात भूगोल शिकवत असे. तिथले मित्र, सकाळचे तळ्यावरचे फिरणे सोडायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. कुमुदने महिनाभर त्याची समजूत काढली. शेवटी तो आला, आणि मग लोकही आले.

तिसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये वसाहतीचे डॉक्टर इक्बाल मुजावर तिच्या प्रयोगशाळेत आले आणि एक छोटी बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. आत पिवळट खडा होता.

"चार महिन्यांत मुतखड्याचे एकशे दहा रुग्ण," ते म्हणाले. "काढला की तीन आठवड्यांत पुन्हा होतो. म्हणून हा फोडून तपासला. आत तुमचे शिलाणू आहेत."

"शक्य नाही."

"तुमची भिंत कशी वाढते, ते एकदा साध्या भाषेत सांगा मला."

"लघवीत युरिया असतो. शिलाणू तो फोडतात. त्यामुळे पाण्यातल्या कॅल्शियमचा दगड होतो आणि वाळूचे कण सांधले जातात. म्हणून तर प्रत्येक घरातली लघवी गाळून नळ्यांनी भिंतींत सोडलीय. भिंत रोज झिजते, रोज भरते."

"लघवी, कॅल्शियम आणि दगड," डॉक्टर म्हणाले. "मूत्रपिंडात दुसरं काय होणार?"

"पण शरीरात ते जगणारच नाहीत. तीस अंशांच्या पुढे मरतील, असेच बनवलेत आम्ही."

"एप्रिलमध्ये या माळावरची भिंत किती तापते, मॅडम?"

कुमुदने मनात हिशेब मांडला. प्रत्येक उन्हाळ्यात भिंतींतले कोट्यवधी शिलाणू मेले असणार. जे थोडे उष्णता सोसून तगले, त्यांचीच पुढे वाढ झाली असणार आणि झिजणाऱ्या भिंतींच्या धुळीतून तेच माणसांच्या पोटात गेले असणार.

त्या संध्याकाळी तिने हेमंतची तपासणी करवली. दोन्ही मूत्रपिंडांत खडे होते.

"दुखत नव्हतं तुला?"

"महिनाभर दुखतंय," तो म्हणाला. "तू कामात होतीस."

शिलाणूंना मारणारे एक प्रतिजैविक होते. एखादा माणूस जरी सुटला तरी संसर्ग परत पसरेल, म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करून दोन महिने ते घ्यावे, असे कुमुदने ठरवले. ती स्वतः दारोदार फिरली. कुरकुर करणाऱ्यांनीही तिच्या हातून पहिली गोळी घेतली. ऑगस्टअखेर नवे खडे होणे थांबले. संचालकांनी तिचा सत्कार केला आणि दिवाळीपर्यंत आणखी चारशे कुटुंबे राहायला आली.

नोव्हेंबरमध्ये हेमंतची पाठ पुन्हा दुखू लागली. या वेळी औषध दुप्पट करूनही उपयोग झाला नाही. डॉक्टरांचे बाकीचे रुग्णही तसेच परतले होते. कुमुदने स्वतःच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून नमुना खरवडून घेतला आणि त्यावर औषध सोडले. शिलाणू वाढतच राहिले.

तेव्हा तिच्या लक्षात आले. तिने डॉक्टरांना बोलावून घेतले.

"औषध शरीरात राहत नाही," ती म्हणाली. "निम्मं लघवीतून बाहेर पडतं. आणि इथली लघवी भिंतींत जाते. दोन महिने अडीच हजार घरांच्या भिंतींना आपण पातळ औषध पाजत होतो. कच्चे मेले, पक्के उरले. आता तेच सगळीकडे आहेत. हे मला जूनमध्येच कळायला हवं होतं."

डॉक्टर म्हणाले, "वसाहत रिकामी करू."

"माणसं गेली की भिंतींचं खाणं बंद. वर्षभरात त्यांचं पीठ होईल. शिलाणू मरणार नाहीत, बीजरूपात झोपून राहतील आणि वाऱ्याबरोबर जातील. पुढे ज्याच्या पोटात जातील, त्याच्यावर औषध नाही."

"पाडून टाकल्या तर?"

"तीच धूळ, एका दिवसात."

"जाळता येतील?"

"दगड जळत नाही, डॉक्टर."

"म्हणजे या लोकांनी इथंच राहायचं," डॉक्टर सावकाश म्हणाले. "आजारी पडत, भिंतींना पोसत."

"नवं औषध सापडेपर्यंत."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर कुमुदने हे सगळ्यांना सांगितले. संचालकांपैकी कोणी आले नव्हते. ते कधीच इथे राहत नव्हते. संसर्ग बाहेर जाऊ नये म्हणून सरकारने आदल्याच दिवशी रस्ते बंद केले होते. कोणी तिच्या अंगावर धावून गेले नाही. गेल्याच आठवड्यात सामान उतरवलेला एक माणूस तेवढा विचारत राहिला, "पण आम्हाला तर अजून काहीच झालेलं नाही ना?"

ती घरी आली तेव्हा हेमंत कुशीवर पडून होता. त्याचे एक मूत्रपिंड निकामी झाले होते आणि त्याला शहरातल्या इस्पितळात न्यायची परवानगी आता मिळणार नव्हती.

"काय म्हणाले लोक?" त्याने विचारले.

"फारसं कोणी बोललं नाही. शेजारच्या रोहिणीताई सभा संपल्यावर आल्या होत्या. त्यांची मुलगी ऑक्टोबरमध्ये लग्न होऊन सांगलीला गेलीय. तिचं काय, म्हणून विचारत होत्या."

"मग तू काय सांगितलंस?"

"तिचा पत्ता लिहून घेतला," कुमुद म्हणाली. "तिला परत आणावं लागेल. नवऱ्यालाही."