नऊवरचा नॉब

सरावाच्या खोलीच्या दारात मी आत शिरत होते, तो बाहेर पडत होता, आणि माझ्या गिटारच्या पिशवीचं टोक थेट त्याच्या कपाळावर बसलं. कपाळ चोळत त्याने विचारलं, "सूर उतरला नाही ना?"

"गिटारचा की कपाळाचा?" मी म्हणाले. तो हसला, आणि त्या दिवसापासून मी वेळेच्या आधीच दाराशी हजर राहू लागले.

आमच्या आधीची वेळ त्याच्या बँडची. केबल गुंडाळायला तो इतका वेळ घ्यायचा की आमच्या ड्रमरने त्याचं नाव 'सावकाश' ठेवलं होतं. पण वाजवायचा काय! गॉथिक मेटलचा तो काळाभोर, लांबत जाणारा सोलो... शनिवारी माझा पहिलाच कार्यक्रम होता आणि मला अगदी तसाच आवाज हवा होता. गिटारचा आवाज मोठा करणारा माझा अ‍ॅम्प त्याच्या अ‍ॅम्पसारखाच, पण त्यातून डब्यात अडकलेली माशी वाजायची. विचारलं असतं तर त्याने सांगितलंही असतं. पण आपल्याला जमत नाही, हे नेमकं त्यालाच कसं सांगायचं?

म्हणून तो पाणी प्यायला गेला तेव्हा मी त्याच्या अ‍ॅम्पचे आणि पायाने दाबायच्या पेडलचे फोटो काढले. हो, चोरून. आठवलं की अजून कान तापतात.

घरी आकड्याला आकडा जुळवला. सूर घुमवत ठेवणारा डिले लांब, खर्जाचा बास नॉब नऊवर. निघाला तो नुसता चिखल.

शुक्रवारी मला राहवेना. सहज विचारल्यासारखं विचारलं, "बास नऊवर ठेवला की आवाज गढूळ नाही होत?"

केबल गुंडाळणारे हात थांबले. "नऊवर कोण ठेवतं?"

"तूच की—" आणि मी जीभ चावली.

"तो नॉब निसटला होता," तो हळूच म्हणाला. "घाईत मी उलटा बसवला. दिसतो नऊवर, असतो तीनवर. पण हे तुला..."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. फोन त्याच्यापुढे धरला. चोरून काढले, म्हणाले, विचारायला हवं होतं, फार लाज वाटतेय. फोटोत अ‍ॅम्पच्या चकचकीत पट्टीवर माझाच चेहरा उमटला होता, दातांत ओठ धरलेला.

"चोर मुद्देमालासकट सापडला," तो म्हणाला. मग माझी गिटार त्याच्या अ‍ॅम्पला जोडून दिली. मी एकच सूर छेडला. तो लांबत गेला, आणि माझे डोळे भरून आले.

"रागावला नाहीस?" माझी मान खालीच होती.

"कुठल्या तोंडाने रागावू? मी तर रोज तुमचा वेळ चोरतो. केबल गुंडाळायला मला एक मिनिट लागतं."

"मग दहा का लावतोस?"

"दाराशी तू असतेस... म्हणून."

शनिवारी सोलो चांगला झाला. नंतर माझी एकुलती एक केबल गुंडाळायला आम्हा दोघांना पाऊण तास लागला.