एकतिसावं पाऊल

सापगावातल्या त्या ओट्यावर जेवणं आटोपली होती आणि तीन डोकी एका मोबाईलवर वाकली होती. विपुल, प्रणित आणि दर्शना, तिघं आतेमामे भावंडं. डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल पिटाळायचं नवं वेड तिघांनाही लागलेलं. सायकलच्या हँडलच्या दांड्यावर बांधायला स्पीकर कोणता घ्यायचा, यावर तासभर वाद चालला होता.

"मोठा घे रे. खिंडीत लावला की मुरबाडात ऐकू गेला पायजे," विपुल म्हणाला.

"मंग सायकल कशाला? डीजेचा टेम्पोच घे ना," दर्शना म्हणाली.

"ए, हा बघा," प्रणितने बोट सरकवलं. "दोन घेतले की जोडी लागते. एक पुढच्याकडं, एक मागच्याकडं. गाणं एकच."

कोपऱ्यात घोंगडीवर देवरामकाका बसले होते. गौरीच्या नाचाला गाणी म्हणावीत तर त्यांनीच, असं आसपासच्या गावांत म्हणत. पण दोन वर्षं झाली, त्यांनी गाणं सोडलं होतं. आता त्यांनी मान वर केली.

"जोडी नको घेऊ."

"का ओ काका?"

"भगीरथनं घेतली होती. शहापुरात मीटरचं रीडिंग घ्यायचा, तो भगीरथ." "बस, सांगतो. आन् दर्शना, तो दिवा बंद कर गो. डोळ्यावर येतो."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

भगीरथ पंचेचाळिशीचा, मोजूनमापून वागणारा माणूस. किती किलोमीटर झाले, कुठे पंक्चर झालं, कुठल्या विहिरीचं पाणी गोड लागलं, सगळं वहीत लिहायचा. पहाटेच्या अंधारात डोंगरात सायकल चालवायचा, त्यात त्याचा जोडीदार वाळू. मुरबाडच्या अंगाला वाळूची वाडी, पण बिऱ्हाड सापगावात आणि सायकलदुरुस्तीचं दुकान शहापुरात. गौरीच्या दिवसांत हाच वाळू देवरामकाकांच्या शेजारी बसून ढोलकी वाजवायचा. काका श्वास कुठे घेणार, हे काकांच्या आधी त्याला कळायचं.

त्या वर्षी दसऱ्यानंतर वाळूला टायफॉइड झाला. महिन्याभराने उठला, दुकानात बसायला लागला, पण मधूनच चक्कर यायची. त्याची बायको सुंदरा सायकलीला हात लावू देईना. वाळूचा जीव मात्र डोंगरात. शेवटी भगीरथ त्याच्या घरी गेला.

"भाऊ, तुमचं काय नाय," सुंदरा म्हणाली. "तुमी पुढं पळता, हे मागं ऱ्हातात. पडले तर तुमाला कळंल तरी काय?"

"मग यालाच पुढे ठेवतो."

"नाय जमत," वाळू आतून म्हणाला. "मागून तुझ्या दिव्याचा उजेड आला की माझीच सावली माझ्या वाटंवर पडते. खड्डा दिसत नाय. मी मागंच बरा."

भगीरथने विचार केला आणि म्हणाला, "वहिनी, तीस पावलांच्या बाहेर जाऊ देणार नाही. माझा शब्द."

सुंदराने त्या शब्दावर वाळूला सोडलं.

शब्द दिला खरा, पण पाळायचा कसा? अंधारात, सुट्या दगडांच्या वाटेवर पुढच्याने सारखं मागे वळून पाहिलं तर आधी तोच आपटतो. चार दिवस भगीरथच्या डोक्यात तेच. पाचव्या दिवशी तो वाळूला घेऊन शहापुरात स्पीकर बघायला गेला.

दुकानदाराने काउंटरवर सात-आठ मांडले. भगीरथने वही उघडली. एकाचं वजन जास्त, दांडा वाकडा ओढील. एकाची बटणं इतकी सपाट की हातमोजा घालून सापडेनात. एक वाजायला लागला की भोवती लाल-हिरवे दिवे फिरायचे.

"हा नको," वाळू म्हणाला. "बिबट्याला वाटंल कुणाची हळद हाय. येल नाचायला."

शेवटी दुकानदाराने खालच्या फळीवरून मुठीएवढी एक जोडी काढली. "वाजतात चांगले, पाण्याचिखलाचं भय नाय. पण खरं सांगतो साहेब, जोडीची ताकद कमी. तीस पावलं लांब गेले की तुटते. टुक-टुक करतो आन् दिवा लुकलुकायला लागतो. लोक परत आणून देतात."

भगीरथने वही मिटली. "हेच द्या."

"अहो, शंभर पावलंवाला हाय ना माझ्याकडं!"

"तो नको. हेच."

दुकानदाराने वाळूकडे पाहिलं. वाळू हसला. "त्याला माज्या गळ्यात घंटा बांधायचीय, शेट."

शाळेच्या मैदानात भगीरथने परीक्षा घेतली. एक स्पीकर हातात धरून तो उभा, दुसरा घेऊन वाळू चालतोय. जोडी जुळलेली असली की निळा दिवा स्थिर. एकतिसाव्या पावलाला, टुक-टुक. दिवा लुकलुकायला लागला. वाळू परत आला, दिवा स्थिर. असं नऊ वेळा. भगीरथने वहीत लिहिलं, 'नऊही वेळा एकतिसाव्या पावलाला तुटली. भरवसा ठेवायला हरकत नाही.'

वाजवायला गाणी काकांचीच. गौरीच्या रात्री कुणीतरी दोन माईक लावून केलेलं रेकॉर्डिंग होतं. त्यामुळे डाव्या स्पीकरवर नुसता काकांचा गळा यायचा आणि उजव्यावर नुसती वाळूची ढोलकी. डावा भगीरथच्या दांड्यावर, उजवा वाळूच्या. पुढे गाणं, मागे ढोलकी.

"म्हंजे वाळूच्या सायकलीवर वाळूचीच ढोलकी?" विपुलने विचारलं.

"हां," काका म्हणाले. "मधी बोलू नको."

तारीख होती ९ डिसेंबर २०२३. दुसरा शनिवार, भगीरथला सुट्टी. अमावास्येला तीन दिवस होते, चंद्राची कोर डोंगराआड. वाळूला दहाला दुकान उघडायचं होतं, म्हणून पहाटे चारला दोघांनी सापगाव सोडलं. डांबरी रस्ता संपवून ते जंगलातल्या कच्च्या वाटेला लागले. पुढे करवंदीची खिंड आणि खिंडीपलीकडे मुरबाडचा रस्ता.

चार बावीसला ओहोळावरची मोरी आली. मोरीला कठडा नाही. खाली दीड पुरुष खोल, नुसते दगड. भगीरथ पलीकडे जाऊन ओरडला, "वाळू, उजवीकडून ये. डावी कड खचलीये."

"हो पुढं. आलो," मागून वाळू म्हणाला.

भगीरथने चढ धरला.

चढ चार किलोमीटरचा. चाकाखाली दगड खडखडत होते. पुढे काकांचा गळा, मागे ढोलकी. दिवा स्थिर. त्याने एकदा विचारलं, "बरा आहेस ना?" उत्तर आलं नाही. चढावर वाळू कधीच बोलायचा नाही, दम राखून ठेवायचा. ढोलकी मात्र बरोबर येत होती. भगीरथने वेग कमी केला की तीही रेंगाळायची. तो जोर लावायचा, तीही. मनाशी तो खूश होता. आजारातून उठलेला माणूस, आणि काय चढतोय!

पाच वाजून पाच मिनिटांनी खिंडीच्या माथ्यावर तो थांबला. एक पाय टेकवला. पाणी प्यायला. बटण दाबून गाणं बंद केलं.

काकांचा आवाज थांबला.

ढोलकी थांबली नाही.

"वाळू, बंद कर रे. पाणी पी."

ढोलकी वाजत राहिली.

"वाळू…"

त्याने सायकल वळवली. उजेड वाटेवर पडला. तांबडी माती, दगड, दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या. वाट रिकामी. आवाज मात्र तिथूनच येत होता. तीस पावलांवरून, उजेड संपतो तिथून जरा पुढून.

भगीरथ चार पावलं खाली गेला. ढोलकी चार पावलं मागे सरली.

त्याने दांड्याकडे पाहिलं. निळा दिवा. स्थिर.

तेव्हा त्याला जाणवलं की चढभर दुसऱ्या चाकाचा खडखडाट त्याने एकदाही ऐकला नव्हता. ढोलकी होती म्हणून बाकी काही ऐकायची गरजच वाटली नव्हती. वाळूचा शेवटचा शब्द मोरीवरचा. हो पुढं, आलो.

खिशातून मोबाईल काढला. रेंज नाही. सायकलवर बसला आणि उताराला लागला.

ढोलकी पुढे. तो मागे. आता ती रेकॉर्डिंगमधली राहिली नव्हती. ते बोल त्याला पाठ होते, हे तसे नव्हते. ठेका उतरत चालला होता. हळू… आणखी हळू. जसा वाजवणाऱ्याचा हात दमावा.

"थांब रे," भगीरथ ओरडला. "आलो. आलोच."

ब्रेक सोडून दिले. एका वळणावर आपटला, गुडघा फुटला, उठला, पुन्हा बसला. किती जोर लावला तरी अंतर तीस पावलांचंच. ना कमी, ना जास्त.

एक थाप.

…

एक थाप.

भगीरथ पायडल मारत होता आणि मोजत होता. दुसरं काहीच त्याच्या हातात नव्हतं. चार आकडे मोजले की थाप. मग सहा. मग नऊ.

मोरी दिसली. या वेळी थाप खालून आली. ओहोळातून. सायकल टाकून तो कडेला धावला. आता खरोखरच तीस पावलांच्या आत होता तो. दहासुद्धा नव्हती.

आणि मागे पडलेल्या सायकलच्या दांड्यावर, टुक-टुक.

दिवा लुकलुकायला लागला.

वाळू दगडांत पडला होता. अंग गरम होतं. छातीला कान लावला… काही नाही. छाती दाबली, तोंडाने श्वास भरला, हाका मारल्या. उचलून वर नेणं एकट्याच्याने होईना. दोनदा अर्ध्यावरून दोघं खाली घसरले. मग तो वाळूचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत राहिला. सहाच्या पुढे जवळच्या वाडीवरची लाकडाला निघालेली माणसं आली.

डॉक्टर म्हणाले, आत रक्तस्राव होत राहिला, लगेच गेला नाही. तासभर तरी असेल. कुणी वेळेत आणलं असतं तर…

वाळूचा स्पीकर वाटेच्या कडेलाच, मोरीच्या दगडावर सापडला. आपटून दोन तुकडे झालेले, बॅटरी लांब उडालेली. पडताक्षणीच तो बंद झाला असणार.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सुंदरा आली. रडली नाही, ओरडली नाही. भगीरथसमोर उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "एकदा पन मागं बघितलं नाय?"

 

काकांचं सांगून झालं.

"मंग ती ढोलकी…" प्रणितने कसंबसं विचारलं.

"मला काय म्हायती? भगीरथनं सायकल मोडीत घातली. त्याच्याकडचा स्पीकर मला आणून दिला. म्हनला, काका, तुमचा गळा हाय यात, मला घरात ठेववत नाय."

काकांनी घोंगडीखाली हात घातला आणि मुठीएवढी काळी वस्तू काढून मध्ये ठेवली. पट्ट्याला अजून तांबडी माती होती.

"दोन वर्षांत चार्जिंगला लावला नाय मी. बटण दाब गो, दर्शना."

दर्शनाने विपुलकडे पाहिलं. मग अंगठ्याने बटण दाबलं.

टुक-टुक.

अंधारात एक निळा ठिपका लुकलुकायला लागला. लागला, विझला. लागला, विझला.

देवरामकाका घोंगडीवर थोडे सरकले, उजव्या बाजूला एका माणसापुरती जागा करून दिली, आणि खाली मान घालून बसले.

दिव्याचं लुकलुकणं थांबलं. तो स्थिर झाला.