भिंतीवरची आई

हेश्मीने खुर्ची भिंतीला लावली, बूट न काढताच तिच्यावर चढला आणि फोटोला हात घातला, तेव्हा शादलिया स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. वडिलांच्या मयतीनंतर भाऊ आज पहिल्यांदा या घरात पाऊल टाकत होता आणि सलाम-दुवा होण्याआधी तो भिंतीकडे गेला होता.

"विचारलं तरी असतंस," ती म्हणाली.

"मागच्या वेळी विचारलं होतं की. काय उत्तर मिळालं?"

त्याची मुलगी ईनास मिठाईचा खोका छातीशी धरून उंबऱ्यात अवघडून उभी होती. "बाबा, आधी खाली उतरा. आत्याला नीट सांगा."

"काय सांगायचं? तुझं लग्न आहे, मेंदीच्या दिवशी आजीचा मोठा फोटो लावायचाय. सूसला घरी नेतो, मोठा करून घेतो, परत आणून देतो. आई काय हिची एकटीची होती?"

शादलियाने हात पदराला पुसले आणि आधणाखालची आच कमी केली. हा प्रश्न त्याने वडिलांच्या दफनानंतरही याच खोलीत, नातेवाइकांसमोर विचारला होता, तेव्हाही ती अशीच गप्प राहिली होती आणि तो तावातावाने निघून संध्याकाळच्या बोटीने पलीकडच्या किनाऱ्याला, स्फाक्सला गेला होता... मग ना फोन, ना ईदेची भेट. साऱ्या केर्केना बेटावर बोभाटा झाला की थोरलीने आईचा फोटोसुद्धा धाकट्याला दिला नाही. तिने तेही ऐकून घेतलं.

कारण त्या फोटोत आई नव्हतीच.

आई, खदूजा, बाळंतपणात गेली, तेव्हा समुद्र खवळलेला होता आणि स्फाक्सच्या इस्पितळाकडे बोट सुटत नव्हती. बाळही वाचलं नाही. घरात उरले मासेमारीवर जाणारे वडील, सोळा वर्षांची शादलिया आणि नुकता बोलू लागलेला हेश्मी. तो कुणाच्या हातचं खाईना. मावशीने प्रयत्न केला, शेजारणींनी केला. पोर आईच्या कपड्यांच्या पेटीशी जाऊन रडायचं आणि तिथंच झोपायचं. शेवटी शादलियाने आईची लाल मेलिया काढली, अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर चांदीच्या टाचण्यांनी अडकवली, आणि त्या वासात तोंड खुपसून पोराने पहिला घास घेतला. पुढे कितीतरी महिने ती घरात तशीच वावरली. ईदेला वडिलांनी दोघांना स्फाक्सच्या स्टुडिओत नेलं, तर हेश्मी मेलियावाचून मांडीवर बसेना. म्हणून फोटोही तसाच निघाला, डोळ्यांत काजळ, कपाळावर आईचं चांदीचं पदक, मांडीवर तो.

शाळेत जाऊ लागल्यावर एक दिवस तो दोस्ताला घेऊन आला आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही माझी आई." स्वयंपाकघरात तिने ते ऐकलं. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "राहू दे, बाबा. त्याला कुणीतरी हवंय." मावशी-मामांनीही मग ते गुपित राखलं. त्या दिवसापासून ती बहीण झाली, नुसती बहीण, अभ्यासावरून रागावणारी, वाळवलेले ऑक्टोपस विकून त्याची फी भरणारी, लग्नाच्या मागण्या परत पाठवणारी. माया करायला भिंतीवरची होती, शिस्त लावायला ही.

"ने," ती आता म्हणाली. "काच जपून ने म्हणजे झालं."

इतक्या सहज होकार येईल असं हेश्मीला वाटलं नव्हतं. तो खुर्चीवरून उतरला. ईनासने ओढणीने काच पुसली, मोबाइलवर फोटो काढला आणि दोन बोटांनी चेहरा मोठा करून पाहू लागली.

"बाबा, आजीची डावी भुवई बघा. मध्येच तुटलीये. आत्याची आहे ना, अगदी तशीच."

"आईवरच गेलेय मी," शादलिया घाईने म्हणाली. "चला, जेवायला बसा. सातूचा कुसकुस गार होईल."

हेश्मी बसला नाही. मोबाइल हातात घेऊन तो बराच वेळ बघत राहिला, मग बहिणीकडे, मग पुन्हा मोबाइलकडे.

"तुझी भुवई गळ लागून फुटली होती," तो सावकाश म्हणाला. "लहानपणी, नावेत. बाबा सांगायचे. फुटलेली भुवई आईवर कशी जाईल, ताई?"

ती चमचे मांडत होती. मांडत राहिली.

"ताई, ही कोण आहे?"

"तू जेवत नव्हतास," ती म्हणाली. "काय करणार होते मी?"

आणि मग तिने सारं सांगितलं, कपडे वाळत घालताना सांगावं तसं, आवाज न चढवता. ईनास रडत होती. हेश्मी खाली चटईवर बसला होता, बूट अजून पायांतच.

"मग माझी आई कुठंय?"

शादलिया आतल्या खोलीत गेली आणि कपड्यांच्या पेटीच्या तळातून एक लहानसा, कडा मुडपलेला फोटो घेऊन आली. ओहोटीच्या पाण्यात गुडघाभर उभी असलेली एक ठेंगणी, काळीसावळी, जाड बाई, कपडे वर खोचलेले, हातात ऑक्टोपस धरायची मडकी, फोटो काढणाऱ्याला काहीतरी ओरडून सांगता सांगता हसणारी. पुढचा एक दात नव्हता.

"ही?"

"हीच. मामाने काढला होता. त्याला शिव्या देतेय."

"एवढ्या वर्षांत दाखवला का नाहीस?"

"दाखवला असता तर भिंतीवरची कोण, ते विचारलं असतंस."

हेश्मीचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी शाळेत जाताना रोज त्या फोटोला सांगून निघायचो. परीक्षेला, नोकरीला... तुझ्याशी भांडून त्या फोटोपाशी तुझीच गाऱ्हाणी करायचो."

"ऐकू यायची," ती म्हणाली. "भिंत पातळ आहे."

तो हसायला गेला आणि त्याला हुंदका फुटला. तिच्या हातांवर कपाळ टेकून तो मुलासारखा रडला. तिने रडू दिलं.

"मेंदीला हाच लावायचा, तुझा," तो शेवटी म्हणाला. "आई म्हणूनच लावायचा. मला वाढवलं कुणी?"

"नाही." तिचा आवाज पहिल्यांदाच कठोर झाला. "आईला या घरात एकच जागा होती आणि तीही मीच अडवून बसले. माझं फार चुकलं तिच्याशी. आता तिला बसू दे. दात नसला तरी चालेल."

"आणि तू?"

"मी येईन की. जिवंत माणसाला फोटो कशाला?"

कुसकुस गार झाला तो झालाच. हेश्मीने बूट काढले, फोटो गुडघ्यावर ठेवला आणि विचारत सुटला. आवाज कसा होता, गायची का, मारायची का. शादलियाला जे आठवत होतं ते तिने सांगितलं, आठवत नव्हतं तिथं नाही म्हणाली. संध्याकाळच्या बोटीची वेळ टळून गेली, पण कुणी उठलं नाही.

"मला काय म्हणायची ती?"

शादलिया थांबली. ते नाव आई गेल्यापासून तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. मेलिया घेतली होती, पदक घेतलं होतं, मांडीही दिली होती. तेवढं एक मात्र तिने आईसाठी राखून ठेवलं होतं.

"कर्नीत," ती म्हणाली. "ऑक्टोपस. हातापायांनी चिकटून बसायचास, सोडवता यायचं नाही म्हणून."

हेश्मीने डोळे मिटले.

"पुन्हा म्हण."

"कर्नीत," ती म्हणाली, "ऊठ, जेवून घे."